दगडी तळे आणि अठ्ठाविसावा दिवस

एका राज्यात, जिथे दिवस मोजायला राजवाड्यावर रोज तास वाजत असे, एक तळे दगडाचे होऊन पडले होते. लाटा होत्या तशाच होत्या, कमळे होती तशीच होती, फक्त सारे दगडाचे. मधोमध दगडी होडीत गोंदाजी नावाडी उभा होता, तोही दगडाचा. एक हात काठाकडे उंचावलेला, तोंड उघडे. बायकोला हाक मारता मारता तो तसाच राहिला होता.

त्याच्या बायकोचे नाव तुळवंता. ती राजाची बदके सांभाळी. रोज सकाळी दगडी लाटांवरून चालत ती होडीपर्यंत जाई, नवऱ्याच्या खांद्यावरची धूळ पदराने पुसी आणि त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राही. त्या दिवशी काठावरून तिने "तुळवंते" एवढेच ऐकले होते. पुढे त्याला काय म्हणायचे होते? त्या राहिलेल्या शब्दांसाठी ती तीन वर्षे झुरत होती.

हे कसे झाले तेही ऐका. एका मांत्रिकाला बदकाच्या अंड्यांची भारी चटक. त्याने तळ्यावरची सगळी अंडी मागितली, तेव्हा गोंदाजीने त्याला वल्हे दाखवले. मांत्रिक संतापला. "या तळ्यावर नवे पिल्लू पोहेल तेव्हाच याचे पाणी होईल. तोवर दगड!" असे म्हणाला, आणि तळे दगड झाले.

"पिल्लू काय, महिन्याभरात पोहेल," लोक म्हणाले. पण पाण्याविना बदके अंड्यांवर बसेनात. अंडी घालीत, आणि उठून दगडी काठावर जाऊन उभी राहत. तेव्हा राजा कमलकेतूने आपल्या नव्या राजज्योतिष्याला, ग्रहभैरवाला, उपाय विचारला.

"अंडी कोंबडीखाली ठेवा, महाराज. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतील."

सगळ्या दरबाराने माना डोलावल्या. कोंबडीची पिल्ले एकविसाव्या दिवशी निघतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. बदके आजवर आपली आपण लव्हाळ्यात बसत. किती दिवस बसत, हे कोणी मोजलेच नव्हते.

पहिल्या वर्षी एकविसावा तास वाजला, पिल्लू निघाले नाही. ग्रहभैरव म्हणाला, "अंडी मेली. मागच्या खड्ड्यात टाका." तुळवंतेने ती आपल्या हातांनी टाकली. दुसऱ्या वर्षीही तेच झाले, पण त्या वेळी एक अंडे खड्ड्याच्या काठावर निसटले आणि फुटले. आत पिल्लू होते. मिटलेले डोळे, ओली पिसे, सगळे जिथल्या तिथे. त्याने दोनदा पाय हलवला आणि मग हलवला नाही.

जिवंत पिल्ले आपण या हातांनी फेकली, दोन वर्षे फेकली, या विचाराने तुळवंतेला घास गोड लागेना. शेवटी ती भुरी नावाच्या म्हाताऱ्या बदकाकडे गेली.

"भुरे, तुमच्या जातीला किती दिवस लागतात गं?"

"अठ्ठावीस," भुरी म्हणाली.

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"विचारले कोणी?"

तिसऱ्या वर्षी राज्यात भुरी आणि तिचा नर एवढीच बदके उरली. भुरीने पाच अंडी घातली आणि यापुढे आपल्याच्याने होणार नाही, असे स्पष्ट सांगून टाकले. तुळवंतेने ती पाच अंडी तांबडी नावाच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. दोन कोसांवरच्या विहिरीतून ती रोज पाणी आणी आणि ओंजळीने अंड्यांवर शिंपडी.

"हे काय चालवले आहेस? मला पडसे होईल ना!" तांबडी कुरकुरली.

"तुझ्या पोरांना नसेल लागत, तांबडे. बदकाला ओल लागते."

एकविसावा तास वाजला. ग्रहभैरव टोपली घेऊन आला. तुळवंता खुराड्यासमोर उभी राहिली आणि हटेना, तेव्हा राजा स्वतः आला. तिने एक अंडे मुठीत धरून उन्हासमोर उचलले. आत काळी सावली होती, आणि ती सावली हलली.

राजाने विचारले, "किती दिवस हवेत?"

"आणखी सात, महाराज."

"दिले."

"पण खुराड्याला दार नको आणि पहाऱ्याला शिपाई नको," ग्रहभैरव घाईने म्हणाला, "नाहीतर ग्रह कोपतील."

राजा ग्रहांना भीत असे. त्याने तेही कबूल केले. ज्योतिष्याला अंड्यांची एवढी घाई का, हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून तुळवंतेच्या डोक्यातून हटला नाही. दार नाही तर नाही, ती म्हणाली, आणि पदर खोचून कामाला लागली.

तिने खुराड्याभोवती कोपरभर खोल चर खणला आणि त्यात दगडी लाटांच्या धारदार कपच्या भरल्या. तेविसाव्या दिवशी भर दुपारी एक मुंगूस आले. जमीन उकरू लागले, कपच्यांवर आपटले, आणि नखे मोडून किंचाळत पळाले. दुसऱ्या दिवशी दरबारात ग्रहभैरवाच्या दहाही बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. "फुले तोडताना काटे लागले," तो म्हणाला.

तिने गोंदाजीचे मासे धरायचे जाळे आणले. तीन वर्षे ते काठावरच्या झाडाला टांगलेले होते. ते तिने खुराड्यावर आणि अंगणावर ताणून बांधले. पंचविसाव्या दिवशी आकाशातून एक घार सरळ खाली झेपावली आणि जाळ्यात अडकली. सुटता सुटता डोक्यावरचे एकूण एक पीस तिथेच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी ग्रहभैरव कानांपर्यंत पागोटे ओढून बसला होता. "उष्णता फार वाढली आहे," तो म्हणाला.

आता तुळवंतेची खात्री पटली. जमिनीतून झाले, आकाशातून झाले, आता हा दारातूनच येणार! तिने तळ्यावरून पाच शिंतोडे वेचून आणले. वल्ह्याने उडालेले ते थेंब दगड होऊन बसले होते, अगदी अंड्याएवढे. ते तिने तांबडीखाली ऊब धरायला ठेवले. सत्ताविसाव्या दिवशी तांबडी दाणे टिपायला उतरली, तेव्हा खरी अंडी तुळवंतेने पदरात गुंडाळून पोटाशी बांधली आणि ती भिंतीआड उभी राहिली. बिनदाराच्या खुराड्यात एक साप शिरला. त्याने पाचही दगड एकामागून एक गिळले आणि महाकष्टाने सरपटत निघून गेला.

"माझ्यादेखत गिळले!" तांबडी आकांत करू लागली. "आणि वर माझ्याकडे बघून जीभ काढली मेल्याने!"

"गप्प बस, आणि ये, बैस," तुळवंता म्हणाली. तिने पोटाशी बांधलेली अंडी सोडली. त्यांतल्या एकातून बारीक टकटक ऐकू आली. तीन वर्षांत तुळवंता पहिल्यांदा रडली.

अठ्ठाविसावा तास वाजला. सारा गाव लोटला. ग्रहभैरव पालखीतून आला, कारण त्याला चालवत नव्हते. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले. "अपचन झाले आहे," तो म्हणाला, "पण खुराड्यात बघायचे काही उरलेले नाही, महाराज."

तुळवंतेने तांबडीला अलगद उचलले. खाली पाच अंडी होती. एकाला भोक पडले होते आणि भोकातून चोच दिसत होती. ग्रहभैरवाचे तोंड पांढरेफटक पडले.

चोच एकदा हलली आणि थांबली. वेळ जाऊ लागला. राजाला धीर धरवेना. त्याने हात पुढे केला. "थांब, मी सोडवतो बिचाऱ्याला."

"हात लावू नका, महाराज!"

राजाला असे आजवर कोणी म्हटले नव्हते.

"कवचाच्या आतले रक्त ते अजून ओढून घेते आहे," तुळवंता म्हणाली. "आता सोलले तर रक्त जाऊन मरेल. दोन वर्षे आपण घाईच केली, महाराज. आज त्याचे त्याला येऊ द्या."

तिचेही हात शिवशिवत होते. होडीतला तो उंचावलेला हात तिला इथून दिसत होता. तरी तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. राजा मुकाट्याने जमिनीवर मांडी घालून बसला. ऊन डोक्यावर आले, उतरू लागले. मग कवच गोल फिरत चिरले, आणि एक ओलेचिंब पिल्लू धडपडत बाहेर आले. त्याच्यामागे दुसरे आले, तिसरे आले, पाचही आली. कोंबडीखाली सुकून पिवळी धमक झाली, उठली, आणि सरळ तळ्याकडे चालू लागली. वाट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

"अरे मेल्यांनो, मागे फिरा!" तांबडी काठावर धावू लागली. "बुडाल!"

"दगड आहे तो, बुडतील कशी?" राजा म्हणाला.

"दगड असो की पाणी, माझ्या पोरांचे पाय ओले होतील!"

पहिल्या पिल्लाने दगडी लाटेवर पाऊल ठेवले. ते दगड आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने दोन्ही पायांनी वल्हवले, आणि पायाखाली एक तरंग उठला. तरंग पसरत गेला, कमळे डोलली, पाणी सळसळले. तळे पुन्हा तळे झाले.

ग्रहभैरवाच्या पोटातल्या पाच दगडांचेही पाणी झाले. ते भडभडा तोंडावाटे बाहेर पडले, आणि त्याबरोबर मुंगसाचा मंत्र, घारीचा मंत्र, सापाचा मंत्र आणि तळ्याचा शाप, सारे वाहून गेले. मागे उरला तो उचक्या देणारा एक टकला माणूस. अंड्यांसाठी तळे दगड करणारा मांत्रिक तो हाच, हे राजाने ओळखले.

"तू यापुढे तास वाजवशील," राजा म्हणाला. "कोंबडीला एकवीस, बदकाला अठ्ठावीस. एक जरी चुकलास तर माझ्याशी गाठ आहे."

तुळवंतेने यातले काही ऐकले नाही. ती होडीकडे बघत होती. होडी हलली. उंचावलेला हात हलला. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेले वाक्य पाण्यावरून पुढे आले.

"...जाळं कुठं ठेवलंस गं?"

तुळवंता हसली, रडली, पुन्हा हसली. या शब्दांसाठी आपण तीन वर्षे जीव टांगणीला लावला होता!

"खुराड्यावर टाकलंय! मला लागलं होतं!"

"तुला कशाला? बरं, आण लवकर. मासे चाललेत."

तिने धावत जाऊन जाळे सोडले. त्यात घारीची पिसे अजून अडकलेली होती. ते खांद्यावर टाकून ती रोजच्या सवयीने होडीकडे चालत निघाली, आणि काठाशी येऊन थांबली, कारण पुढे पाणी होते.