एकोणिसावं घर

"सांगा ना फादर, यात गावाचं काय राहिलं?"

गास्पारने तिसऱ्यांदा विचारलं. त्याचं चारशे पानांचं पुस्तक फादर ओदिलाँच्या मांडीवर होतं आणि म्हातारबुवा त्यावर परात ठेवून खुशाल वाटाणे सोलत बसले होते.

गास्पार शहरातला नावाजलेला प्राध्यापक. पण जन्म इथला, फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातल्या व्हालमूर नावाच्या एवढ्याशा गावातला. अठराव्या वर्षी गाव सोडलं ते सोडलंच. आईच्या दफनाला आला होता, त्यालाही आता चार वर्षं झाली. घराला तेव्हा लावलेलं कुलूप अजून तसंच होतं.

उद्या रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर पुस्तकाचं प्रकाशन होतं. दोन शब्द फादरांनी बोलायचे होते. त्यांनीच त्याला अक्षरं शिकवली होती. पॅरिसच्या विद्वानांनी पाठ थोपटली होती, तरी याला भूक होती ती या एका माणसाच्या शाबासकीची.

"नदी आहे?" फादरांनी विचारलं.

"उगमापासून. पुरांच्या सालांसकट."

"टेकडी?"

"चुनखडीचा थर न् थर."

"लढाईत गेलेली पोरं?"

"तेवीसच्या तेवीस. स्मारकावर आहेत त्याच क्रमाने."

आता गावात तेवीस माणसंही उरली नव्हती.

"मग सगळंच आलं की," ते म्हणाले आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

गास्पारला ते झोंबलं. वीस वर्षं घालवली या पुस्तकात, आणि कौतुक ते एवढंच?

"सातवं प्रकरण वाचलंत?" त्याने हुकमाचं पान काढलं. "गावभट्टीचं?"

व्हालमूरमध्ये पाव घरी भाजत नसत. गावाची एकच दगडी भट्टी, दर शनिवारी पेटायची. घरोघरचे पाव एकत्र आत जायचे, म्हणून प्रत्येक घर आपल्या कच्च्या पावावर सुरीने आपली खूण करायचं. भांडण नको म्हणून त्याच खुणा भट्टीच्या तोंडाशी दगडावर कोरून ठेवलेल्या होत्या.

"घरं अठरा," गास्पार म्हणाला. "दगडावर खुणा मात्र एकोणीस! शेवटची अगदी खाली, वेडीवाकडी. एकाही घराशी जुळत नाही. म्हणजे गावात एक एकोणिसावं घर होतं, फादर. प्लेगात ओस पडलं असणार. मी तीस पानं लिहिली आहेत त्यावर."

फादरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मग ते परात बाजूला ठेवून उठले. "आज शनिवार आहे. चल."

भट्टीपाशी पाच पाव मांडले होते. फक्त पाच. लहानपणी इथे उभं राहायला जागा नसायची. बायकांचा कलकलाट, कुणाची तरी हाक, आणि त्या सगळ्यावर तो वास. वास तेवढा तसाच होता.

फादरांनी पिठाचा एक गोळा त्याच्यापुढे सरकवला. "तुझ्या घराची खूण कर."

"आमचं घर तर बंद आहे."

"भट्टी उघडी आहे."

गास्पार हसला. खूण त्याला पाठ होती, पुस्तकात बाराव्या क्रमांकावर होती. उजवीकडे कललेल्या तीन रेघा, आणि त्यांना छेदणारी एक. त्याने डाव्या हातात सुरी घेतली. तो जन्माचा डावखुरा.

एक रेघ. दुसरी. तिसरी. हात आपोआप चालला. मग छेद.

त्याने पावाकडे पाहिलं. रेघा डावीकडे कलल्या होत्या.

त्याने दगडाकडे पाहिलं. सगळ्यात खाली, सात वर्षांच्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर... तीच खूण.



"खिळ्याने कोरली होतीस," फादर म्हणाले. "आईने कान पिळला होता तुझा. गवंडी घासून काढतो म्हणाला, तर तीच आडवी आली. राहू दे म्हणाली."

गास्पारचा हात नकळत कानाकडे गेला. तीस पानं. प्लेग, पडक्या भिंती, तळटिपा. ज्या खुणेचा धनी शोधायला त्याने एवढे दप्तरखाने पालथे घातले, तो सात वर्षांचा पोरगा इथे खिळा घेऊन उभा होता.

"ती शेवटपर्यंत दोन पाव आणायची," फादर म्हणाले. "एक उजव्या रेघांचा. एक डाव्या."

"दुसरा कुणासाठी?"

फादरांनी लांब दांड्याच्या फळीवर पाव घेतले आणि एकेक करून आत सरकवले. शेवटचा डाव्या रेघांचा.

गास्पार भट्टीच्या कट्ट्यावर बसला आणि रडला. आईच्या दफनाला रडला नव्हता, ते आज रडला. फादर ऊब घेत शेजारी बसून राहिले.

पाव बाहेर आले. व्हालमूरमध्ये एकाच्या खुणेचा पाव दुसऱ्याने उचलायचा नसतो. पाच पाव पाच घरांच्या माणसांनी नेले. सहावा फळीवर तसाच राहिला, वाफाळत.

"पुस्तक तर छापून झालं, फादर," गास्पार म्हणाला. "उद्या लोकांपुढे काय सांगू? एकोणिसावं घर कुणाचं म्हणू?"

फादरांनी पाव फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"पुढच्या शनिवारी पीठ कोण मळणार, तेवढं सांग."