भिवराचा राखाडी धागा

ज्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही, तिथे फार पूर्वी भिवरा नावाची एक रंगारीण राहत होती. चाळीस वर्षे ती सूत रंगवत आली होती. तिच्या तळहातांची निळाई काही केल्या जात नसे, आणि ते हात मिरवत ती बाजारात खुशाल हिंडे.

राजकन्येचे लग्न ठरले. रायाजी विणकराने तांबडा शेला विणायचा, धाकू विणकराने हिरवा, आणि दोन्हींवर राखाडी रंगाची वेल काढायची, असे ठरले. भिवराने वेलीचे सगळे सूत एकाच रांजणात रंगवले, एकाच दोरीवर वाळवले आणि दोघांना निम्मे निम्मे दिले.

शेले विणून झाले. रायाजी बघतो तर तांबड्यावरची वेल हिरवट! धाकू बघतो तर हिरव्यावरची वेल गुलाबीसर! दोघे तणतणत दरबारात गेले.

“भिवरामावशीने मला हिरवट सूत दिले,” रायाजी म्हणाला.

“आणि मला गुलाबी!” धाकू म्हणाला.

त्या राज्यात रंगात फसवणाऱ्याची भट्टी कायमची विझवत असत. भिवराला बोलावणे आले. तिने शेले पाहिले. वेली खरेच तशा दिसत होत्या. म्हातारपणी आपले डोळे दगा देऊ लागले की काय? पण रांजण एकच होता, याची तिला पक्की खात्री होती.

“महाराज, दोन्ही वेलींतला एकेक धागा ओढू का?”

राजाने मान डोलावली. तिने धागे ओढून आपल्या निळ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. सगळा दरबार वाकून बघू लागला. दोन्ही धागे हुबेहूब सारखे, किंचित पिवळसर!

“म्हणजे खरा रंग हा,” राजा म्हणाला.

भिवराने धागे पांढऱ्या फरशीवर ठेवले. ते काळपट दिसले. पहारेकऱ्याच्या काळ्या घोंगडीवर ठेवले, तर उजळ दिसले.

राजा चक्रावला. “बाई, बाकीचे सगळे बाजूला ठेव. नुसत्या धाग्याचा रंग सांग.”

भिवरा म्हणाली, “नुसता धागा मी आजवर पाहिलेलाच नाही, महाराज. तो कशावर तरी असतोच. तुम्ही शेजार सांगा, मी रंग सांगते.”

“मग खोटे कोण बोलले?”

“कुणीच नाही. दोघांनी दिसले तेच सांगितले. फक्त कशाशेजारी दिसले, ते सांगायचे राहिले.”

राजा मनापासून हसला. भट्टी वाचली. रायाजी आणि धाकू ओशाळून तिच्या पाया पडले. त्या दिवसापासून सूत मागायला येणारा प्रत्येक विणकर आपल्या कापडाचा तुकडा सोबत आणू लागला, आणि भिवरा तो मांडीवर पसरून मगच रांजणात हात घालू लागली.

तात्पर्य : कोणतीही गोष्ट कशी आहे हे विचारताना ती कशाच्या सोबतीने पाहिली, हेही विचारावे.