न गायलेली भैरवी

लढाईत गाव जळालं, तेव्हा सगुणाबाई पाठीला तंबोरा बांधून गावकऱ्यांसोबत शेजारच्या संस्थानात आल्या. गळ्याच्या जोरावर त्यांना दरबारात जागा मिळाली. गावकरी मात्र वेशीबाहेर झोपड्या घालून राहिले, आणि दिवाण त्र्यंबकरावांच्या डोळ्यांत ते खुपत होते.

राजेसाहेबांच्या वाढदिवशी, मैफल सुरू होण्याआधी, बाईंनी बिदागीऐवजी आपल्या लोकांसाठी आसरा मागितला. राजे काही बोलण्याआधीच दिवाण हसले.

"बाई, आजच्या दिवशी कुणाला हुसकावणं शोभत नाही. तुमची मैफल संपेपर्यंत राहू देत त्यांना. संपली की शिपाई झोपड्या मोडतील. कबूल ना, महाराज?"

राजांनी मान डोलावली. भर दरबारात शब्द दिला गेला.

कुणी शिंकलं तरी दचकणाऱ्या बाई त्या. तरीही त्यांनी तंबोरा जुळवला. दुपारभर त्या गायल्या. दिवेलागणीला त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली, तसे दिवाण शिपायांकडे वळले.

"दिवाणसाहेब, घाई कशाला?" बाई हळूच म्हणाल्या. "भैरवी झाल्याशिवाय मैफल संपत नाही, हा आपल्याच दरबाराचा रिवाज. भैरवी तर मी अजून गायलेच नाही."

"मग गा की."

"गाईन ना. पण आमच्या गावी, माझ्या अंगणात. आम्ही सगळे घरी परतलो, की त्याच दिवशी. आपणही जरूर या ऐकायला."

मागे कुणीतरी हसू दाबलं. दिवाणांनी राजांकडे पाहिलं. राजे लोडाला टेकून आरामात बसले होते.

"त्र्यंबकराव, खाली बसा," ते म्हणाले. "मैफल चालू आहे."