हाडांचं तळं

पाण्यात हात घालू नका, पाव्हणं. काठावरूनच बघा. तळाशी पांढरं दिसतंय ती आमच्या रेड्यांची हाडं. गावात फण्या, मणी, सुरीच्या मुठी होतात त्या याच हाडांच्या. पण जनावर जाऊन वर्ष झाल्याशिवाय त्याच्या हाडाला इथं कुणी करवत लावत नाही. व्यापारी दारात धरणं धरून बसला तरी नाही.

त्याचं असं सांगतात. फार मागं गोमाजी नावाचा कारागीर होता. त्याची एकुलती लेक सुंदरा. आईवेगळं पारडू तिनं बोटानं दूध चाटवून जगवलं, त्याचा पुढं बुधा रेडा झाला. सुंदराचं लग्न ठरलं. बापानं घडवलेली फणी केसात खोवल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही, ही इथली रीत. आणि गोमाजीनं तर घरातलं होतं नव्हतं ते हाड व्यापाऱ्याला घालून टाकलेलं. मुहूर्ताला नऊ दिवस उरले असताना बुधा साप चावून मेला. चौथ्या दिवशी गोमाजीनं त्याच्या नडगीचं हाड उकळलं, घासलं आणि फणी कापली. देखणी झाली म्हणे.

हळदीच्या दिवशी भर उन्हात त्या फणीला पाझर फुटला. पुसली की पुन्हा ओली. घाईचं काम, हाडातली चरबी निघाली नव्हती, हे आम्हालाही कळतं. पण सुंदरानं फणी केसातून काढून हातात धरली.

"आबा, आपण मेलोय हे बुधाला अजून कळलं नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही याला कामाला लावलंत?"

तिनं फणी या तळ्यात सोडली आणि वर्षभर थांबा म्हणाली. वरपक्ष कशाला थांबतोय! वऱ्हाड वेशीवरूनच माघारी गेलं. गोमाजीनं पुन्हा करवत हातात धरली नाही.

वर्षानं फणी वर काढून पुसली, ती कोरडी आणि तांदळाच्या पिठासारखी पांढरी. ती केसात खोवून सुंदरा बापाच्या जागी कामाला बसली. लग्न केलं नाही. हाड वर्षभर पाण्यात ठेवायची ही विद्या गावाला तिनंच शिकवली.

आजही हाड पाण्यात सोडताना आम्ही जनावराला नावानं हाक मारतो आणि 'तू गेलास रे' असं सांगतो. त्या काळ्या दगडाशी माझा गज्या आहे. शिमग्याला त्याचं वर्ष झालं. लेक रोज विचारतो, काढायचा का? मी म्हणतो, राहू दे. गज्याला कळलं असेल. मला अजून कळलं नाही.