हिंग चाखणाऱ्याचा चेहरा

फार पूर्वी तगर नगरात सुबाहू राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका हिंगाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. वडिलांच्या मागे पेढी त्याच्याकडे आली, आणि थोड्याच वर्षांत साऱ्या बाजारात त्याच्यासारखा हिंगाचा पारखी दुसरा उरला नाही.

हिंग हा मोठा फसवा माल. वरून सोनेरी दिसतो आणि पोटात कणीक निघते. वास अस्सल येतो आणि जिभेवर नुसता डिंक विरघळतो. उत्तरेकडून कातडी थैल्या आल्या की सोमिल दुकानाच्या ओट्यावर बसे, नखाने खडा फोडी, कणभर जिभेवर ठेवी आणि डोळे मिटी. तोंडाने मात्र चकार शब्द काढत नसे. चारचौघांत माल वाईट म्हणणे म्हणजे विकणाऱ्याचा अपमान, असा त्या बाजाराचा रिवाज होता. समोर जमलेले व्यापारी त्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि काय ते समजून घेत. कपाळ मोकळे राहिले तर माल उचलायचा, ओठ मुडपले तर आपापल्या घरी जायचे.

एकदा त्याची दाढ दुखत होती, तर तीन दिवस तगरात हिंगाला गिऱ्हाईक फिरकले नाही. चौथ्या दिवशी वैद्याने दाढ उपटली, आणि त्याच हिंगावर लोकांच्या उड्या पडल्या. हा किस्सा सोमिल स्वतःच हसत हसत सांगे. त्यात हसण्याखेरीज आणखीही काही आहे, हे त्याला पुढे कळले.

दरवर्षी थंडी सुरू झाली की तगराहून सत्तर गाड्यांचा तांडा मरुभूमी ओलांडून सौवीर देशाला जाई. वाळूतली वाट पंधरा मुक्कामांची, आणि गोड्या पाण्याच्या विहिरी अवघ्या चार. नायक चुकला तर माणसे आणि बैल दोन्ही वाळूतच राहायचे. त्या वर्षी जुन्या नायकाची दृष्टी अधू झाली, म्हणून नवा निवडायचे ठरले. तांड्यात माल घालणाऱ्या प्रत्येकाने बांबूची एक काडी दोनपैकी एका घड्यात टाकायची, ज्याच्या घड्यात काड्या जास्त तो नायक, अशी तिथली पद्धत होती.

उभे दोघे होते. एक वसुदत्त. उंचापुरा, आवाज असा की बोलला तर शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जावे, आणि फेटा असा बांधलेला की बघत राहावे. तो सोमिलच्या बायकोचा भाचा, आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणणारा. नायक झालो तर सौवीरचा सगळा हिंग आधी मामांच्या पेढीवर उतरवीन, असा त्याने शब्द दिला होता. दुसरा गोमिक. हा अकरा वेळा मरुभूमी ओलांडून आलेला, पण दर खेपेला तांड्याच्या शेवटी चालणारा गाडीवान. बुटका, रापलेला, कमी बोलणारा.

काड्या टाकायला पाच दिवस उरले असताना सोमिल जेवायला बसला होता. वाढता वाढता त्याची बायको रेवती म्हणाली, “काडी वसूच्याच घड्यात ना?”

“वसूच्याच. गोमिक काही कामाचा नाही.”

“का हो?”

गोमिक कामाचा नाही हे सोमिलला पक्के ठाऊक होते. का नाही, हे मात्र आठवेना. “संकटात माणसं सोडून जातो म्हणे,” तो म्हणाला.

“कोण म्हणे?”

“बाजारात म्हणतात.”

“दारावर हिंग आला तर तुम्ही चार वेळा खडा फोडता,” रेवती ताकाचे भांडे पुढे सरकवत म्हणाली. “हा बरा न फोडता घेतलात.”

ती हे सहज बोलून गेली, पण सोमिलला ते कुसळासारखे टोचले. राग नाही आला, नवल वाटले. एवढे पक्के मत आपल्या डोक्यात शिरले, आणि कोणत्या दाराने शिरले ते आपल्यालाच माहीत नाही, ही गंमत त्याला स्वस्थ बसू देईना. जेवण आटोपून त्याने उपरणे खांद्यावर टाकले आणि तो त्या मताचा माग काढायला निघाला.

त्याने ते ऐकले होते भोजक तेल्याकडून, एवढे त्याला वाटेत आठवले. भोजकाने घाण्याचा बैल थांबवला आणि मोठ्या आवडीने सगळे सांगितले. गोमिकने मागच्या खेपेला एका आजारी माणसाला वाळूत टाकले आणि स्वतः पाण्याची पखाल घेऊन पुढे गेला. तू पाहिलेस का, असे विचारल्यावर भोजक म्हणाला की पाहायला कशाला हवे, कालिंदी माळीण काही खोटे बोलणारी बाई नाही.

कालिंदी देवळाच्या पायरीवर हार गुंफत होती. टाकले असे आपण म्हटलेच नाही, असे तिने शपथेवर सांगितले. ती एवढेच म्हणाली होती की तांडा आला तेव्हा गोमिक आणि तो आजारी माणूस त्यात नव्हते, आणि त्या माणसाचे काय झाले देव जाणे. “आता गोमिकच्या मनात खोट आहे हे कळल्यावर माणूस दुसरं काय समजणार, शेठ?”

“खोट आहे हे कुणी सांगितलं?”

“तिस्स कोष्ट्यानं. तो कुणाबद्दल उगाच बोलत नाही, म्हणून तर खरं वाटलं.”

तिस्स मागावर बसला होता. सोमिलला पाहून तो उठू लागला, तसे सोमिलने त्याला हाताने बसवले आणि तोच प्रश्न विचारला. तिस्सने धोटा बाजूला ठेवला. आपली कुणी परीक्षा घेत आहे की काय, अशा नजरेने तो बघू लागला.

“मला विचारता, शेठ? तुम्हीच तर सांगितलंत.”

“मी? कधी?”

“अमावास्येच्या बाजारी. तुम्ही ओट्यावर बसला होतात, आम्ही दहाबारा जण खाली उभे. समोरून गोमिक गेला. तुम्ही डोळे उघडलेत, त्याच्याकडे पाहिलंत आणि असं तोंड केलंत.” तिस्सने ते तोंड करून दाखवले. नाक आक्रसलेले, ओठ खाली ओढलेले, जणू पायाखाली काही घाण आली आहे. “मी मनात म्हटलं, ज्या तोंडावर साऱ्या नगराचा हिंग विकतो, ते एका माणसावर उगाच वाकडं होणार नाही.”

सोमिलला तो दिवस आठवला. जिभेवर कडुनिंबाचा डिंक मिसळलेला हिंग होता, असा कडू की डोळ्यांत पाणी आले होते. त्या पाण्यातून समोर कोण गेले हे त्याला दिसलेसुद्धा नव्हते. आणि त्याचाच तो वाकडा ओठ बाजारभर फिरून, वाटेत आजारी माणूस आणि पाण्याची पखाल गोळा करून, महिन्याभराने त्याच्याच कानात परत आला होता. आपलाच माल आपण ओळखला नाही, आणि तो खरा धरून बसलो.

तिथून तो थेट गाडीतळावर गेला. गोमिक एका चाकाच्या आसाला वंगण लावत होता. त्याने मान वर केली, पण हात थांबवला नाही.

“बघायला आलात की विचारायला, शेठ?” तो म्हणाला. “बघायला बरेच येतात हल्ली. विचारत कुणी नाही.”

सोमिलने आजारी माणसाबद्दल विचारले. गोमिकने तुटकपणे सांगितले की तो माणूस तापाने फणफणला होता, आणि तांडा थांबला असता तर सगळ्यांचे पाणी संपले असते. म्हणून तांडा पुढे जाऊ दिला, आपण त्याच्यापाशी तीन दिवस बसलो, मग त्याला बैलावर बांधून आणला. तो आता पलीकडच्या आळीत मडकी भाजतो, जाऊन विचारा. सोमिल खरोखरच जाऊन विचारून आला. कुंभाराला मडकी मोजता मोजता रडू आले.

परत येऊन सोमिल म्हणाला, “हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?”

“मला कुणी तोंडावर म्हटलंच नाही की मी त्याला टाकला. कुणाला जाऊन सांगू?” मग तो म्हणाला, “बैल घेताना मी त्याच्या मागून कोसभर चालतो. पुढून सगळेच बैल देखणे असतात. माणसाच्या मागून एवढं चालायला कुणाला सवड आहे?”

त्या संध्याकाळी सोमिल घरी आला. खरे सांगायचे म्हणजे काय करावे लागेल, हे त्याला स्वच्छ दिसत होते. माझा चेहरा चुकला, असे भर सभेत म्हणायचे. आणि एकदा तो चुकू शकतो हे लोकांना कळले, की पेढीत विकायला उरते काय? हिंग तर सगळेच विकतात. लोक त्याच्याकडे येत ते त्या चेहऱ्यासाठी. उलट गप्प बसले तर खोटे एक अक्षरही बोलावे लागत नव्हते. वसू नायक झाला असता आणि सौवीरचा हिंग आपसूक दारी आला असता.

रेवतीने सगळे ऐकून घेतले. वसू तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. ती वाती वळू लागली.

“वसू वाळूत रस्ता चुकला तर दादाला काय सांगायचं?” ती म्हणाली. “मामांचं तोंड कडू झालं होतं, म्हणून?”

तिने सोमिलच्या मनातलेच बोलून दाखवले होते. सोमिलने ठरवून टाकले.

काड्या टाकायच्या दिवशी सकाळी गाडीतळावर शंभरावर व्यापारी जमले. वसुदत्त एका गाडीवर उभा राहून बोलला आणि फार चांगला बोलला. गोमिकला बोलायला सांगितले, तर विहिरी चार आहेत आणि तिसरीचे पाणी खारट होत चालले आहे, एवढेच सांगून तो खाली उतरला. लोक हसले.

मग सोमिल उठला. त्याच्या हातात लाल दोऱ्याने बांधलेली एक पुडी होती. नाकारलेल्या हिंगाचा खडा दोन पौर्णिमा उलटेपर्यंत जपून ठेवायचा, म्हणजे विकणाऱ्याने तक्रार केली तर दाखवता येतो, ही त्याच्या पेढीची जुनी रीत. अमावास्येच्या बाजारातला तोच हा खडा होता. त्याने तो फोडला, पुढच्या रांगेतल्या दहाबारा जणांच्या तळहातावर एकेक कण ठेवला आणि जिभेवर टाकायला सांगितले. गोमिकला त्याने त्यांच्या अगदी समोर उभे केले.

शेठ देतो आहे म्हणजे काही नामी माल असणार, असे समजून सगळ्यांनी कण तोंडात टाकले. बघता बघता दहाबारा तोंडे वाकडी झाली. तिस्स कोष्ट्याचे सर्वांत वाकडे झाले.

“आता मागच्यांनी सांगा,” सोमिल म्हणाला. “नगरातले हे एवढे भले लोक गोमिककडे बघून तोंड वाकडं करतायत. त्यानं काय केलं असेल?”

मागून कुणीतरी खरेच म्हणाले, “काहीतरी केलं असेलच.” आणि मग त्याचे त्यालाच हसू आले.

सोमिलने सगळे सांगितले. कडुनिंबाचा डिंक, कोष्टी, माळीण, तेली, आणि शेवटी तो स्वतः. कुंभाराला त्याने बरोबर आणलेच होते. “वसू माझ्या घरचा आहे,” तो म्हणाला. “तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. काडी कुठं टाकायची तेही सांगत नाही, कारण माझं तोंड बघून तुम्ही एकदा फसलात. एवढंच सांगतो, त्या दिवशी कडू हिंग होता, माणूस नव्हता.”

सभेत चुळबुळ झाली. तिस्स थुंकून, चूळ भरून जवळ आला. त्याचा चेहरा ओशाळला होता.

“शेठ, तुम्ही म्हणता ते सगळं पटलं,” तो हळूच म्हणाला. “पण का कोण जाणे, गोमिक अजून मला बरा वाटत नाही.”

सोमिलला हे फार विशेष वाटले. खालचे जोते काढून घेतले तरी भिंत उभीच होती. तो हसून म्हणाला, “मलाही पहिला दिवसभर तसंच वाटत होतं. जा, त्याच्याशी दोन शब्द बोलून ये. मग टाक काडी.”

तिस्स गेला. त्याला बघून आणखी काही जण गेले. कुणी विहिरींचे विचारले, कुणी बैलांचे, कुणी नुसतेच उभे राहिले. ऊन चढेपर्यंत हे चालले, आणि वसुदत्त गाडीवर एकटाच उभा होता तोही शेवटी खाली उतरून ऐकायला आला. काड्या मोजल्या तेव्हा गोमिकच्या घड्यात नऊ जास्त निघाल्या. फक्त नऊ. शेठ एवढा खुलासा करतो त्या अर्थी पाणी मुरतेच आहे, असे म्हणणारेही पुष्कळ होते.

त्या वर्षी वसुदत्त तांड्याच्या शेवटी चालला, गोमिकच्या जुन्या जागेवर. तिसऱ्या विहिरीचे पाणी पुरते खारावले होते, पण गोमिकने आधीच दुप्पट पखाली भरून घेतल्या होत्या. सत्तरच्या सत्तर गाड्या परत आल्या. हिंग साऱ्या बाजारात सारखा वाटला गेला.

सोमिलच्या ओट्यापुढची गर्दी ओसरली. लोक आता स्वतः कण जिभेवर ठेवून बघू लागले, थुंकू लागले, आपापसांत वाद घालू लागले. सोमिल त्यांच्या गर्दीत उभा राही आणि त्यांची तोंडे मोठ्या कुतूहलाने न्याहाळी.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे भांडारपाल नेमायचा होता, आणि नव्याने आलेल्या पुन्नक भिक्खूचे नाव निघताच सगळे नको म्हणाले. का नको, असे उपासिका चित्राने विचारले, मग एकेक भिक्खूही विचारू लागला, पण ते एकालाही सांगता येईना. शेवटी कळले ते एवढेच, की पुन्नक आला त्या दिवशी वृद्ध स्थविर धर्मगुप्तांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, आणि त्या उन्हामुळे होत्या. कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्खूंनो, त्या वेळचा गोमिक म्हणजे हा पुन्नक. तिस्स कोष्टी म्हणजे धर्मगुप्त, जे आता आपणहून त्याच्याशी बोलायला उठले आहेत. वसुदत्त म्हणजे तुमच्यातला तो तरुण भिक्खू, ज्याने सर्वांत शेवटी ‘का नको’ असे विचारले. रेवती म्हणजे उपासिका चित्रा, जिने ते सर्वांत आधी विचारले. आणि ज्याचा चेहरा चुकला, तो सोमिल मीच होतो.”

आपल्या नावलौकिकाला खोट येत असली तरी आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, ही बोधिसत्त्वाची सत्यपारमिता, म्हणजे सत्यनिष्ठेची पराकाष्ठा, होय.