गिरजाची गाडगी

फार जुन्या काळी एका करंजाच्या झाडाखाली गिरजा नावाची कुंभारमाशी राहायची. चिखलाची इवलीशी गाडगी घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला दुकान थाटायचं होतं. पण नाव काय द्यावं, मालावर खूण कसली उमटवावी, पणत्या ठेवाव्यात की पाळणे, याचाच तिला घोर लागलेला. सकाळी ठरवलेलं दुपारी मोडायचं आणि भिजवलेला चिखल तसाच वाळून जायचा.

एके दिवशी मधमाशी धापा टाकत आली. "गिरजे, अस्वलानं पोळं फोडलं गं! उरलासुरला मध मातीत चाललाय. पिल्लांना काय घालू? एखादं गाडगं दे."

"देते हो, पण अजून खूण ठरली नाही..." गिरजा बोलून गेली आणि मधमाशीचा चेहरा पाहून ओशाळली. तिनं चिखल उचलला नि भराभर अरुंद तोंडाचं, साधंच गाडगं वळलं. ऊन रणरणतं होतं, ते लगेच सुकलं. मध वाचला.

दुसऱ्या दिवशी दारात मुंग्यांची ही रांग! थोरल्या मुंगीनं विचारलं, "मधाची गाडगी करणारी गिरजा ती तूच ना?"

गिरजानं ओला चिखल पुढ्यात ओढला.

"हो, मीच," ती म्हणाली. "किती हवीत?"