लाल तळहाताची शपथ

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहत होता. त्याच्या लाल लुगड्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. लुगडं विरून चिंध्या झाल्या तरी रंग काही उतरत नसे. त्यामागे रंगाऱ्याच्या बापाने शोधलेली युक्ती होती. कापड रंगात घालण्याआधी तीन दिवस आंबट ताकात भिजवायचं.

हे बाहेर फुटू नये म्हणून घरात एक रीत होती. कामाला येणाऱ्याने पहिल्या दिवशी उजवा हात लाल रंगात बुडवून म्हणायचं, "इथलं इथंच राहील." तो रंग महिनाभर जात नसे, त्यामुळे रोज जेवताना शपथ आठवे. रंगाऱ्याने स्वतः मात्र कधी हात बुडवला नव्हता. मालकाला कसली आलीय शपथ!

एके दिवशी बाजारात त्याला शेजारच्या गावच्या रंगाऱ्याकडे तसंच पक्क्या रंगाचं लुगडं दिसलं. त्याचं डोकंच फिरलं. ताकाच्या खोलीत त्याच्याशिवाय एकच माणूस जात असे, भागामावशी. वीस वर्षं ताकाचे रांजण तीच सांभाळत होती.

"मावशी, ताकाचं कुणाला सांगितलंत?" त्याने भर अंगणात सगळ्यांसमोर विचारलं.

"धनी, पोटच्या लेकीलासुद्धा सांगितलं नाही. तिला वाटतं, मी इथं कापडं धुते."

"मग काय रांजणाला पाय फुटले? निघा इथून!"

मावशीला घरी पाठवलं. पाणवठ्यावर ती दिसली की बायका बोलायच्या थांबू लागल्या. वीस वर्षांचं नाव एका दुपारी मातीत गेलं. एवढ्यावरही रंगाऱ्याचं समाधान झालं नाही. त्याने पंच बसवले. मावशीने गुन्हा कबूल करावा आणि त्या दुसऱ्या रंगाऱ्याने ताक वापरणं बंद करावं, अशी त्याची मागणी होती.

गावच्या म्हाताऱ्या पाटलांनी दुसऱ्या रंगाऱ्याला विचारलं, "ताकाचं तुला कोण बोललं?"

तो चाचरत म्हणाला, "पाटील, हेच बोलले."

"मी?" रंगारी ओरडला.

"गेल्या वैशाखात लग्नाच्या पंगतीत आपण शेजारी होतो. मी म्हटलं, तुमच्या नदीचं पाणीच गुणाचं, म्हणून रंग टिकतो. तर तुम्ही चिडलात. 'पाण्यात काय ठेवलंय? डोकं आमचं आहे!' असं म्हणून मठ्ठ्याचा द्रोण उचललात आणि सगळं सांगितलंत. सगळी पंगत ऐकत होती."

रंगाऱ्याला तो द्रोण आठवला. त्याची मान खाली गेली.

पाटलांनी विचारलं, "ही आतली गोष्ट आहे, कुठं बोलू नकोस, असं तरी म्हणाला होतास?"

"नाही."

"मग मी याला कसा अडवू? याने खोलीत शिरून चोरलं असतं, नाहीतर मावशीने शपथ मोडली असती, तर आजच बंद करायला लावलं असतं. तू तर पंगतीत वाढलंस."

मावशी समोरच उभी होती. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं, असं रंगाऱ्याला वाटलं. लाजेने त्याला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारात गेला. "मावशी, माझं चुकलं. तुम्हाला तोंड दाखवायलाही लाज वाटते. परत चला."

"येते," मावशी म्हणाली. "पण ज्या अंगणात मला बोललात, तिथं सगळ्यांसमोर आधी तुमचा हात बुडवा."

त्याने बुडवला. पुढे महिनाभर जो तो विचारी, "हाताला काय झालं?" आणि दरवेळी त्याला सांगावं लागे, "भागामावशीवर खोटा आळ घेतला, म्हणून."

लाल रंगाचं गुपित गेलं ते गेलंच. पण काही वर्षांनी मावशीच्या मदतीने त्याने पक्का हिरवा रंग शोधला. पुन्हा एका लग्नात शेजारचा पाहुणा म्हणाला, "तुमच्या नदीचं पाणीच गुणाचं!"

रंगाऱ्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं. लाल रंग केव्हाच गेला होता, तरी त्याने हात उपरण्याखाली घेतला.

"असेल हो," तो म्हणाला, आणि मुकाट्याने मठ्ठा पिऊन टाकला.

तात्पर्य काय, तर गुपित जपायची शपथ आधी मालकाने घ्यावी. आपणच चारचौघांत सांगितलेली गोष्ट कुणी चोरली असं म्हणता येत नाही, आणि त्याचा आळ विश्वासू माणसावर घेतला तर ती लाज जन्मभर धुतली जात नाही.